बातमी अडते ती वहीत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बी.ए. झालंय, तालुक्याच्या गावी राहता, चार महिन्यांपासून एका साप्ताहिकाला बातम्या देता. कार्यक्रमाला जाता, फोटो काढता, घरी येऊन टाइप करायला बसता आणि पहिलं वाक्यच सुचत नाही. तास-तास जातो. कशीबशी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, पाठवली की संपादक म्हणतात, "यात बातमी कुठंय?" म्हणून तुमचे तीन प्रश्न आहेत. भाषा कशी सुधारू, कुठलं पुस्तक वाचू, आणि पत्रकारितेचा कोर्स करू का.

नमुना म्हणून तुम्ही ग्रामसभेची एक बातमी दिलीय. तिची सुरुवात अशी आहे: "येथील ग्रामपंचायतीची ग्रामसभा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली मोठ्या उत्साहात संपन्न झाली. यावेळी पाणीप्रश्नासह विविध विषयांवर सविस्तर चर्चा करण्यात आली. ग्रामस्थांनी आपल्या समस्या मांडल्या. त्या लवकरच सोडवण्याचे आश्वासन सरपंचांनी दिले."

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वाक्यं सरळ आहेत. तेव्हा भाषेची काळजी तूर्त बाजूला ठेवा. मी सत्तावीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात बातमीदारी केली. पहिली नऊ वर्षं तालुक्याला होतो, मग जिल्हा कार्यालयात, शेवटी डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात बसवण्याच्या कामावर. डेस्कवर बसल्यावर रोज चाळीस-पन्नास कॉप्या हाताखालून जायच्या. तेव्हा ध्यानात आलं की इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, अडलेल्या वार्ताहराला फोन करून दोन प्रश्न विचारले की तो म्हणतो, "ते विचारायचं राहिलं, साहेब." इंट्रो सुचत नाही याचं कारण दहातल्या आठ वेळा हेच असतं. वहीत काही नसतं, मग लिहिताना हात थांबतो, आणि रिकामी जागा भरायला "विविध", "सविस्तर", "उत्साहात" हे शब्द धावून येतात.

तुमच्याच ग्रामसभेत परत जाऊ. पाण्यावर चर्चा झाली म्हणता. कोण काय म्हणालं? गावात जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेची, टाकी आहे का? बांधून किती महिने झाले? पाणी चढलं का? नसेल तर कशामुळे अडलं: पंप, वीजजोडणी, जलवाहिनी, की ठेकेदाराचं देयक? जलजीवनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी देणं अपेक्षित आहे, तुमच्या गावात ते किती दिवसाआड येतं? सभेला माणसं किती होती? ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो कमी असेल तो. हजेरीवहीत किती सह्या होत्या? कोरम नव्हता आणि तरी ठराव झाले असतील, तर तुमची बातमी तिथेच आहे आणि तुम्ही तिच्यावरून चालत गेलात.

समजा, हे सगळं विचारलंत आणि उत्तरं मिळाली. मग कॉपी अशी सुरू होईल: "पाण्याची टाकी बांधून ११ महिने झाले, तरी तिच्यात अद्याप पाणी चढलेले नाही. वीजजोडणीची अनामत कोणी भरायची हे ठरलेले नसल्याने पंप बंद आहे, अशी कबुली ग्रामसेवकांनी शुक्रवारी ग्रामसभेत दिली. सध्या गावाला चार दिवसाआड पाणी मिळते." या तीन वाक्यांत एकही अलंकार नाही. लिहायला पाच मिनिटं पुरतील, पण त्यासाठी विचारपूस दोन तास करावी लागेल. हा वेळ सभा सुटल्यावरचा असतो. सगळे चहाला जातात तेव्हा ग्रामसेवकाशेजारी बसायचं, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या कामकाजाची वही, बघायला मागायचं, मग टाकीपर्यंत चालत जाऊन यायचं. टाकी स्वतः बघितलेल्या माणसाला इंट्रो शोधावा लागत नाही.

वही कशी ठेवायची, यावर जरा थांबतो, कारण हे कुणी शिकवत नाही. पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, जागा. खाली जो बोलतोय त्याचं नाव, समासात. त्याचे नेमके शब्द असतील तर अवतरणचिन्हात, तुमचा सारांश असेल तर चिन्हाशिवाय. हा फरक वहीतच करायचा. घरी आल्यावर आठवत नाही आणि मग आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. तुम्ही स्वतः पाहिलेलं वेगळ्या खुणेने लिहा. मी त्यापुढे एक छोटा डोळा काढायचो. नाव मात्र शक्यतो समोरच्यालाच लिहायला सांगा: "दादा, नाव तुमच्या हातानं लिहा, चूक नको व्हायला." आपल्याकडे एकाच गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसं निघतात, त्यामुळे वडिलांचं नाव आणि वय घेतल्याशिवाय वही मिटायची नाही. वडगाव नावाची गावं किती तरी आहेत, म्हणून तालुकाही हवा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय, ते सांगतो. तालुक्याला नवीन होतो, दुसरं वर्ष असेल. पंढरपूर रस्त्यावर जीप आणि ट्रकचा अपघात झाला. तेव्हा बातमी एसटी कंडक्टरच्या हाती पाकिटातून जायची, नाहीतर एसटीडी बूथवरून फोनवर सांगायची. शेवटची गाडी गेलेली होती. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात गर्दी होती, गर्दीतल्या दोघांनी सांगितली ती नावं मी उतरवून घेतली आणि बूथवर पळालो. वॉर्डात गेलो नाही, रुग्णालयाचं रजिस्टर पाहिलं नाही, पोलिसांना पुन्हा विचारलं नाही. मयताचं आणि जखमीचं आडनाव एकच होतं, चुलतभाऊ होते ते. सकाळच्या अंकात जिवंत माणूस मयत म्हणून छापून आला. त्याचा धाकटा भाऊ अंक घेऊन एसटी स्टँडवर आला होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आमची आई गावाकडं होती. तिनं पेपरातच वाचलं." मला काय बोलावं कळेना. दुसऱ्या दिवशी सहा ओळींची दुरुस्ती छापली. मी त्या घरी जाऊनही आलो. त्या दिवसापासून रुग्णालयातलं रजिस्टर किंवा पोलीस ठाण्यातली नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मयताचं नाव दिलं नाही. त्यापायी दोनदा बातमी दुसऱ्या पेपरात आधी आली. येऊ दे म्हटलं.

आता लेखनाकडे वळू. पुस्तकात तुम्हाला कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा प्रश्न सापडतील, आणि उलटा पिरॅमिड सापडेल, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर आणि उतरत्या क्रमाने बाकीचं. दोन्ही बरोबर आहे. पानावर जाहिरात आली की डेस्क बातमी खालून कापतं, म्हणून शेवटच्या परिच्छेदात जीव ठेवायचा नसतो. मोबाइलवर वाचणारा तर दोन ओळींत ठरवतो. पण सहाही उत्तरं पहिल्याच वाक्यात कोंबायची नसतात. नवे वार्ताहर तसं करतात आणि वाक्य मालगाडीसारखं लांबतं. इंट्रोत कुठलं उत्तर घ्यायचं, हाच तुमचा निर्णय. अपघातात "किती आणि कुठे" आधी येतं. नगरपालिकेच्या सभेत "काय ठरलं आणि कुणाला किती भुर्दंड" आधी येतं. कधी झालं, कुणाच्या अध्यक्षतेखाली झालं, हे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आरामात बसतं.

इंट्रो तरीही सुचेना तर मी एक करायचो, आजही करतो. वही मिटायची आणि घरातल्या कुणालातरी तोंडी सांगायचं. आई विचारते, "काय झालं रे आज ग्रामसभेत?" तेव्हा तुम्ही "सरपंचांच्या अध्यक्षतेखाली" असं सुरू करत नाही. तुम्ही म्हणता, "अगं, टाकीला पाणीच नाही अजून, वीजजोडणीच्या पैशाचं भांडण चाललंय." तोंडातून जे पहिलं निघालं ते लिहा, मग त्याला लेखी भाषेचा इस्त्रीचा हात फिरवा.

शब्दांबद्दल दोन-चार गोष्टी, कारण तुम्ही भाषेचं विचारलंच आहे. "कार्यक्रम संपन्न झाला" लिहू नका. संपन्नचा रोजच्या वापरातला अर्थ समृद्ध, कार्यक्रम पार पडतो. "एकच खळबळ उडाली", "हळहळ व्यक्त होत आहे", "बघ्यांची एकच गर्दी" ही वाक्यं कुठल्याही घटनेला चिकटतात, म्हणून कुठलीच घटना सांगत नाहीत. त्याऐवजी तुम्हाला दिसलेली एक गोष्ट लिहा. अंत्यविधीच्या दिवशी गावातली दुकानं बंद होती, तर तेवढं लिहा. "करण्यात आली", "देण्यात आला" या क्रियापदांपाशी थांबा. कुणी केली, कुणी दिला? "रस्त्याचे काम थांबवण्यात आले" या वाक्यात काम थांबवणारा माणूस लपलाय. कधी आपण आळसाने त्याला लपवतो, कधी प्रेसनोट लिहिणारा मुद्दाम लपवतो. प्रेसनोट तशीच पुढे पाठवणं आपल्या धंद्यात फार वाढलंय आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. प्रेसनोट म्हणजे बातमी कुठे शोधायची त्याचा पत्ता. तिथे जाऊन दार वाजवायचं काम आपलं.

गुन्ह्याच्या बातम्यांत शब्द आणखी जपून. गुन्हा दाखल होणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांत वर्षानुवर्षांचं अंतर असतं. संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे टप्पे आहेत. दोषी फक्त न्यायालय ठरवतं. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी एक नव्हे. "त्याने चोरी केली" असं आपण लिहीत नाही, "त्याने चोरी केल्याचे फिर्यादीत म्हटले आहे" असं लिहितो. तोंडी माहितीवर थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. तो काढून स्वतः वाचा. ठाणे अंमलदाराने सांगितलेलं आणि फिर्यादीत लिहिलेलं यांत किती फरक असतो ते दिसेल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. बालक असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २३ नुसार नावच काय, घरचे, शाळा, परिसर यांचा तपशीलही देता येत नाही. नाव टाळून "अमुक वस्तीवरील अमुक दुकानदाराची मुलगी" लिहिलेल्या कॉप्या मी डेस्कवर स्वतः थांबवल्यात. लहान गावात एवढ्यावर सगळ्यांना कळतं. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचा तपशील आणि चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारलीत, ती एकदा वाचून घ्या.

आकड्यांकडे तुम्ही प्रश्नात वळला नाहीत, पण मी वळणार, कारण आमच्या जिल्ह्यात आकड्यानेच लोक सर्वांत जास्त गोंधळतात. उजनी धरण घ्या. उन्हाळ्यात बातमी येते, "उजनी वजा ३० टक्क्यांवर". वाचकाला वाटतं धरण कोरडं पडलं. दुसरा विचारतो, पाणी वजा कसं असेल? उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातला मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के असताना धरणात कागदावर ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. वजा ३० म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे १६ टीएमसी उचललं, आणि खाली अजून साडेसत्तेचाळीस उरलं. त्यात गाळ किती, कालव्यात किती येऊ शकतं, हे पुढचे प्रश्न आणि पुढच्या बातम्या. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. तेव्हा हे दोन वाक्यांत समजावून सांगितलेली बातमी लोकांनी कापून ठेवली असती. आणि हो, कॉपीत "-३०" असं चिन्ह टाकू नका, "वजा ३०" अक्षरात लिहा. पान लावताना चिन्ह गळालं की धरण ३० टक्के भरतं.

पावसाळ्यात हेच विसर्गाचं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. साधारण साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसभर चाललं की एक टीएमसी होतं. एवढं पाठ असलं की "धरणातून एक लाख क्युसेक" ऐकल्यावर तुम्ही मनातल्या मनात दिवसाला साडेआठ टीएमसी असा हिशेब करता आणि अधिकाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता. गर्दीच्या आकड्याचंही तसंच. आषाढीला पंढरपुरात किती भाविक आले, तर आकड्याबरोबर तो कुणाचा अंदाज ते लिहा. अंदाज देणारा सापडला नाही तर आकडा देऊ नका. दर्शनरांग कुठपर्यंत गेली ते स्वतः चालत जाऊन बघा आणि तेवढंच लिहा.

माणसं बोलली नाहीत तर कागद बोलतो. ग्रामपंचायतीचे खर्च ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर दिसतात. बाकी कागद माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर दीडशे शब्दांत, विषय एकच, उत्तराची मुदत ३० दिवस. "पाणीयोजनेची सर्व माहिती द्या" असं मागितलं तर काहीच मिळत नाही. "कार्यारंभ आदेशाची आणि शेवटच्या देयकाची प्रत" असं नेमकं मागा. आणि ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय कॉपी सोडू नका. फोन उचलला नाही तर किती वाजता किती वेळा केला ते वहीत लिहा, मेसेज पाठवून ठेवा. "प्रतिक्रिया मिळू शकली नाही" हे वाक्य लिहायचा अधिकार त्यानंतर येतो.

आता कोर्सचं. हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी खोटं सांगणार नाही. वर्षभर घरून पैशाचा आधार असेल तर करा. सोलापूर विद्यापीठात विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून करायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कोर्समुळे कायदा, संपादन आणि मुख्य म्हणजे सोबती मिळतात. मोठ्या दैनिकात किंवा वाहिनीत अर्ज करायचा तर पदवी विचारतात. पण तालुक्यालाच राहायचं असेल तर पदवीवाचून अडत नाही, वहीवाचून अडतं. टीव्हीकडे जायचं असेल तर चित्र आणि बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, आधी येतात, तिथलं लिखाण वेगळं, ते तिथल्याच माणसाला विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायला हवी. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन थोडं असतं आणि जाहिरातीचं टार्गेट मोठं. मीही सुरुवातीला ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांच्याच दारात दिवाळी अंकाची जाहिरात मागायला गेलोय. तो अपमान आणि त्यातला धोका दोन्ही खरे आहेत. जमलं तर पोटापाण्याचं दुसरं काहीतरी सोबत ठेवा. शेती असेल तर उत्तमच. माझी नऊ वर्षं तीन एकर डाळिंबावर निघाली, म्हणून मला काही बातम्या करता आल्या.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. पहिला महिना पुस्तक नको. रोज एका दैनिकाचं जिल्ह्याचं पान घ्या आणि लाल पेन. पाच बातम्या निवडा. प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहा, ही माहिती वार्ताहराला कुणाकडून किंवा कशातून मिळाली असेल: पंचनामा, फिर्याद, सरपंच, स्वतः पाहिलं. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही त्यावर फुली मारा. आठवडाभराने तेच तुमच्या स्वतःच्या चार महिन्यांच्या कात्रणांवर करा, त्या ग्रामसभेच्या बातमीपासून सुरुवात करून. फुल्या मोजा, आणि प्रत्येक फुलीखाली त्या दिवशी कुणाला काय विचारायला हवं होतं ते लिहा. त्यातले निम्मे प्रश्न आजही विचारता येतील. टाकी अजून तिथेच असेल.